हेन्री फोर्डच्या बायकोची गाडी

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे वाद ठरलेला. एक म्हणतो हेच भविष्य, दुसरा म्हणतो चार दिवसांचं खूळ. दोघांनीही हे वाचावं, कारण हा वाद शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एकदा होऊन गेलाय.

1900 साली अमेरिकेत साधारण 4,200 मोटारी बनल्या. त्यात वाफेच्या 1,681, विजेच्या 1,575 आणि पेट्रोलच्या फक्त 936. म्हणजे पेट्रोल तिसऱ्या नंबरवर!

डेट्रॉईटमध्ये विल्यम अँडरसन यांचा घोडागाड्यांचा कारखाना होता. 1907 मध्ये त्यांनी विजेची मोटार काढली. नाव डेट्रॉईट इलेक्ट्रिक. धूर नाही, आवाज नाही. पेट्रोलची गाडी तेव्हा समोर उभं राहून हँडल मारून सुरू करावी लागायची. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. त्यामुळे शहरातल्या सधन बायका आणि डॉक्टर मंडळी विजेच्या गाडीवर खूश होती. वेग ताशी तीसेक किलोमीटर, पण शहरात तेवढा पुरायचा.

यातली 1914 ची एक गाडी आजही मिशिगनमध्ये, डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. दिसायला काचेच्या छोट्या खोलीसारखी. स्टिअरिंगच्या चाकाऐवजी दांडा, आणि चालवणारा मागच्या सीटवर. तिची मालकीण कोण? क्लारा फोर्ड, म्हणजे हेन्री फोर्डची बायको. ज्या माणसाने 'मॉडेल टी' काढून सामान्यांना पेट्रोलच्या गाडीत बसवलं, त्याच्या घरची बाई विजेच्या गाडीतून फिरत होती. 1914 मध्येच फोर्ड आणि एडिसन मिळून स्वस्तातली विजेची गाडी आणणार, अशी बातमीही आली होती. ती बाजारात कधी आलीच नाही.

मग विजेची गाडी हरली कशी?

पहिलं कारण पैसा. 1914 च्या सुमाराला मॉडेल टी साधारण 500 डॉलरला मिळायची, डेट्रॉईट इलेक्ट्रिकला अडीच हजारांहून जास्त मोजावे लागायचे. दुसरं, 1912 च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट संपली. गंमत म्हणजे तो स्टार्टर चालायचा बॅटरीवरच!

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येत होतं. वीज न्यायला तारा लागतात, आणि त्या खेड्यात पोचल्याच नव्हत्या. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत दहा शेतकऱ्यांपैकी जेमतेम एकाच्या घरी वीज होती. 1935 मध्ये रूझवेल्ट सरकारने खेड्यांत वीज न्यायला वेगळी यंत्रणा उभी केली, तोवर खेळ संपला होता. 1929 च्या मंदीनंतर डेट्रॉईट इलेक्ट्रिकचं दिवाळं निघालं. पुढे ऑर्डर आली तर गाडी, असं करत 1939 पर्यंत कंपनीने तग धरला. तेरा हजारांच्या आसपास गाड्या काढून ती बंद पडली.

गाडीत खोट होती म्हणून हे झालं नाही. शहराबाहेर तिला वीज देणारं कोणी नव्हतं.

आपण सबसिडीवर आणि मायलेजवर भांडतोय. तालुक्याच्या गावात बातमीदारी करताना भारनियमनाच्या इतक्या बातम्या दिल्यात की मला आधी एकच विचारावंसं वाटतं. तुमच्या गावात रात्रभर सलग वीज असते का?