रातांब्याचे आम्ल आणि वजनाचा काटा

रत्नागिरीत उन्हाळ्याच्या अखेरीस घरोघरी रातांबे फोडले जातात. साली त्यांच्याच रसात आणि मिठात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवल्या की आमसुले तयार! त्यांचा आंबटपणा कशाचा, असे विचारले तर आपण चटकन ‘सायट्रिक आम्लाचा’ असे सांगू. पण उत्तर थोडे वेगळे आहे.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये रातांब्याच्या केरळी भावंडाचा, म्हणजे तिकडे माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीचा, अभ्यास केला. तिच्यातले मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक निघाले. तेच कोकमातही असते. शरीर साखरेपासून चरबी बनवते त्या साखळीतले एक विकर हे आम्ल अडवते, असे १९६९ मध्ये अमेरिकेत लोवेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत दिसले. पुढे प्रयोगातल्या उंदरांचे वजन वाढणेही मंदावले. झाले! १९९० च्या दशकात ‘चरबी घटवणाऱ्या’ गोळ्यांचा बाजार उभा राहिला.

अशी उडी नवी नव्हती. अमेरिकेत क्रेब्ज पितापुत्रांनी जर्दाळूच्या बियांतून काढल्याचे सांगून एका पदार्थाचे पेटंट १९४९ मध्ये मिळवले. तो ‘जीवनसत्त्व ब-१५’ म्हणून विकला गेला. जीवनसत्त्व म्हणायचे तर ते न मिळाल्याने विकार व्हायला हवा. असा विकार कोणीच दाखवू शकले नाही.

कोकमाच्या आम्लाची गोष्ट इतकी पोकळ नाही. विकर खरेच अडते. मात्र माणसाच्या अंगावरची बरीचशी चरबी खाल्लेल्या तेलातुपातूनच येते. नेहमीच्या आहारात साखरेपासून फारच थोडी बनते. मग तो रस्ता अडवून किती फरक पडणार? न्यूयॉर्कमध्ये १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. सर्वांचा आहार सारखाच बेताचा. काहींना रोज दीड ग्रॅम हे आम्ल, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. आम्लवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले, पोकळ गोळीवाल्यांचे ४.१! हा फरक योगायोगाचा मानण्याइतका लहान होता. पण गोळीचा गुण कुठेच दिसला नाही.

विक्री तरीही चालूच राहिली. नंतर कुडमपुळीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आल्या. आमटीत पडणारी दोन-चार आमसुले आणि रोज पोटात जाणारा दाट अर्क यांचा हिशेब अर्थातच एक नाही.