उपवास आणि मनाचे आरोग्य : एक ऐतिहासिक मागोवा

जैन परंपरेत तपाचे स्थान अनन्यसाधारण आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बाह्य व आभ्यंतर अशा तपांचे प्रत्येकी सहा प्रकार सांगितले आहेत. बाह्य तपांचा आरंभ अनशनाने होतो, तर आभ्यंतर तपांची सांगता ध्यानाने होते. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा हे आहे, रोगनिवारण नव्हे. तथापि विसाव्या शतकात वैद्यकशास्त्रानेही उपवास आणि मन यांचा संबंध तपासून पाहिला. तो इतिहास तपस्वी समाजाने जाणून घ्यावा असाच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, नोव्हेंबर १९४४ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग आरंभिला. युद्धात सहभागी होण्यास विवेकबुद्धीने नकार देणारे हे तरुण उपासमारग्रस्तांच्या साहाय्यार्थ स्वेच्छेने पुढे आले होते. सुमारे सहा महिने त्यांना अपुरा आहार देण्यात आला आणि त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. त्याबरोबरच अनेकांच्या ठायी उदासीनता, चिडचिड व एकलकोंडेपणा वाढला. मनात अहोरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले. हेतू उदात्त असूनही दीर्घकालीन अर्धपोटी अवस्थेने निरोगी मनेही खचली.

याउलट अनुभव मॉस्कोतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. युरी निकोलायेव्ह यांनी मांडला. त्यांनी मनोरुग्णांना रुग्णालयात, वैद्यकीय देखरेखीखाली, केवळ पाण्यावर अनेक दिवसांचे उपवास घडविले. त्यानंतर फळांच्या रसापासून क्रमाक्रमाने आहार वाढविला जाई. पारण्याचा हा काळ त्यांनी उपवासाइतकाच महत्त्वाचा मानला. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील डॉ. अ‍ॅलन कॉट यांनीही ही पद्धत अवलंबिली. दोघांनीही उत्साहवर्धक निष्कर्ष नोंदविले. परंतु तुलनेसाठी समान गट ठेवून केलेल्या कसोटीचे बळ त्यांना लाभले नाही. ही पद्धत आज मानसोपचारातील मान्य उपचारांत गणली जात नाही.

अलीकडच्या काळात खंडित उपवासाचा, म्हणजे ठरावीक तास वा दिवस आहार वर्ज्य करण्याचा, अभ्यास होत आहे. २०१३ साली मलेशियातील वयस्क पुरुषांच्या लहानशा अभ्यासात तणाव व राग कमी झाल्याचे आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातही चिंता व उदासीनतेची लक्षणे काहीशी सौम्य झाल्याचे दिसले. मात्र अशा अभ्यासांत सहभागी झालेले बहुतेक जण तीव्र नैराश्याचे रुग्ण नव्हते. २०१६ चे नोबेल पारितोषिक उपवासाला मिळाले, असेही अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः डॉ. योशिनोरी ओसुमी यांचा गौरव पेशींतील स्वभक्षण प्रक्रियेच्या संशोधनासाठी झाला आणि त्यांचे मूलभूत प्रयोग यीस्टवर होते.

या इतिहासाचे सार स्पष्ट आहे. उपवासाचा मनावरील परिणाम तो कोण करतो, किती काळ करतो आणि पारणे कसे होते, यांवर अवलंबून असतो. नैराश्याने अन्नावरची वासना उडणे हे तप नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. घरातील अशा व्यक्तीच्या उपवासाचे केवळ कौतुक होत राहिले, तर दुखणे झाकले जाते. मनोविकाराची औषधे उपवासासाठी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. लिथियम घेणाऱ्या रुग्णाने चौविहार उपवास केल्यास शरीरातील पाणी घटून औषधाची मात्रा विषारी पातळीस जाऊ शकते. म्हणून तपापूर्वी वैद्यांचा सल्ला अनिवार्य होय.

शास्त्रकारांनीही तप शक्तीनुसारच करण्यास सांगितले आहे. आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना असून त्याच्या दहा पात्रांत ग्लान, म्हणजे रुग्ण साधू, यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. तोच भाव गृहस्थाच्या घरी उतरला, तर खचलेल्या आप्तास धीर देणे, त्यास वेळेवर उपचारांपर्यंत नेणे आणि प्रसंगी प्रेमाने दोन घास भरविणे, हीदेखील तपाचीच आराधना ठरेल.