सातबारा : एक समास व त्याचा विग्रह

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु येथील गावदप्तराची परंपरा मध्यप्रांतातील मालगुजारी अमदानीपर्यंत जाते. त्या दप्तरात खसरा शेतवार असे, जमाबंदी खातेवार; दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे शेताचा क्रमांक. पुढे महाराष्ट्रात हक्कांचा नमुना सात व पिकांचा नमुना बारा एका कागदावर आले आणि लोकभाषेने त्यांचा ‘सातबारा’ हा द्वंद्व समास केला.

रिलेशनल डेटाबेसचा प्रश्न याहून निराळा नाही. कोष्टकाच्या प्रत्येक घरात एकच अविभाज्य मूल्य असावे, असा आग्रह ई. एफ. कॉड यांनी १९७० च्या निबंधात धरला. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणाने मात्र संयुक्त प्रकारास मान्यता दिली. त्यामुळे पीक, हंगाम व क्षेत्र ही पदे एकाच घरात एकत्र नांदू शकतात.

परंतु दोन उत्तरे जोडताना एक धोका संभवतो. ज्या शेताची त्या वर्षी पीकनोंद झालीच नाही, ते केवळ जुळणाऱ्या ओळी घेणाऱ्या सांध्यातून गळते आणि त्यासोबत धारकाचे नावही नाहीसे होते. म्हणून नमुना सात अखंड राखून पिकाचे घर रिक्त सोडणारा बाह्य सांधाच येथे न्याय्य होय. तसेच संयुक्त मूल्यातील प्रत्येक पद नावाने पुन्हा वेगळे काढता आले पाहिजे. ज्या समासाचा विग्रह होत नाही, तो अर्थ देत नाही. आणि ज्या विग्रहात एक पद हरवते, तो शेतकऱ्याचा हक्क हरवतो.