'स्वर' शब्दाचे दोन अर्थ आणि युलियुस श्टॉकहाउझेन

मराठीत 'स्वर' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. वैयाकरणाला त्यावरून अ, इ, उ आठवतात, गवयाला षड्ज आणि पंचम. जर्मन भाषेत या दोन वस्तूंना दोन निराळे शब्द आहेत, आणि तरीही त्यांच्यातील भांडण मिटविण्यात ज्याचे आयुष्य गेले असा एक गायक जर्मनांत होऊन गेला. त्याचे नाव युलियुस श्टॉकहाउझेन. शूबर्टच्या गीतमालांना सभागृहात आणणारा गायक म्हणून संगीताचे इतिहासकार त्याची नोंद घेतात. त्याचे शिक्षकपण मात्र भाषेच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखे आहे.

जर्मन गीताचा हा सर्वमान्य गायक जन्मला पॅरिसमध्ये, २२ जुलै १८२६ रोजी. वडील फ्रांत्स हे कोलोनचे हार्पवादक. आई मार्गारेटे ही अल्सास प्रांतातील गेबवायलरची, स्वतः नामांकित गायिका. अल्सास त्या काळी फ्रान्सचा भाग होता, १८७१ साली तो जर्मनीकडे गेला आणि पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा फ्रान्सकडे आला. अशा दुभाषी सीमेवरच्या घराण्यातील मुलाने पॅरिसच्या संगीतविद्यालयात शिक्षण घ्यावे आणि पुढे तेथील ऑपेरा-कॉमिकमध्ये काही वर्षे फ्रेंचमधून गावे हे स्वाभाविकच होते. माझ्या मते त्याच्या जर्मन उच्चारांच्या काटेकोरपणाचे मूळही येथेच शोधावे. ज्याला दोन भाषा कानाने वेगळ्या ठेवाव्या लागतात, तो आपल्या भाषेचे ध्वनी गृहीत धरून चालत नाही.

त्याचा गुरू मान्युएल गार्सिया. गार्सियाने आरशाच्या साहाय्याने गात्या माणसाच्या स्वरतंतूंचे निरीक्षण केले आणि १८५५ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. ध्वनिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक असते. कंठ हे एक यंत्र आहे आणि त्याचे व्यापार समजावून घेता येतात, ही दृष्टी श्टॉकहाउझेनला या गुरूकडून मिळाली.

१८५६ च्या मे महिन्यात व्हिएन्ना येथे त्याने शूबर्टची 'दी शेने म्युलेरिन' ही वीस गीतांची माला प्रथमच जाहीरपणे अथपासून इतिपर्यंत गायिली. रचना १८२३ सालची. म्हणजे मध्ये तेहतीस वर्षे लोटली होती. तोवर अशा मालांतील एखाददुसरे गीत निवडून, ऑपेरातील पदे आणि वाद्यवादन यांच्या मिश्र कार्यक्रमात खपविण्याची रीत होती. पाणचक्कीवरील एका उमेदवाराच्या प्रेमाची आणि मरणाची कथा अशा तुकड्यांतून श्रोत्यांपर्यंत पोचणार कशी? सलग गायनाने कवितेचा क्रम तिला परत मिळाला. (या कवितांचा कर्ता विल्हेल्म म्युलर म्हणजे आपल्या ओळखीच्या ऋग्वेदसंपादक मॅक्समुल्लरचा पिता. शूबर्टने ही गीते रचली त्याच वर्षी या पुत्राचा जन्म झाला.) पुढे १८६१ च्या एप्रिलमध्ये हांबुर्ग येथे शूमानची 'डिष्टरलीबे' ही मालाही श्टॉकहाउझेनने संपूर्ण गायिली. पियानोवर होता योहानेस ब्राम्स.

या मैत्रीला लवकरच एक कठीण प्रसंग आला. हांबुर्गच्या फिलहार्मोनिक संगीतसभेचे संचालकपद रिकामे होणार होते. ते आपल्या जन्मगावी आपल्याला मिळावे अशी ब्राम्सची मनापासून इच्छा होती. ते मिळाले श्टॉकहाउझेनला. १८६३ ते १८६७ त्याने ते सांभाळले. क्लारा शूमानला लिहिलेल्या पत्रात ब्राम्सने आपली व्यथा मोकळी केली आहे. तथापि त्याने 'मागेलोने' गीते अर्पण केली ती श्टॉकहाउझेनलाच. १० एप्रिल १८६८ रोजी ब्रेमेनच्या कॅथीड्रलमध्ये ब्राम्सच्या 'जर्मन रेक्विएम'चा त्या वेळी सिद्ध असलेला भाग सादर झाला, तेव्हा बॅरिटोनची एकलपदे त्यानेच गायिली. ल्यूथरच्या बायबलातील जर्मन शब्दांवर उभारलेल्या या कृतीला शब्द स्वच्छ उच्चारणारा गायक हवाच होता.

श्टुटगार्ट आणि बर्लिन येथील काळ येथे ओलांडून जातो. १८७८ साली फ्रांकफुर्टचे होख संगीतविद्यालय सुरू झाले; तेथे क्लारा शूमान पियानो शिकवीत असे आणि श्टॉकहाउझेन गायन. संचालक राफ याच्याशी त्याचे पटले नाही. १८८० साली त्याने बाहेर पडून स्वतःची गायनशाळा काढली. राफच्या मृत्यूनंतर तो काही काळ विद्यालयात परतला, पण स्वतंत्र अध्यापनच त्याला मानवले असे दिसते.

१८८४ साली त्याचा गायनपद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वरयंत्र खाली व स्थिर ठेवण्यावर त्याचा भर होता, आणि स्वर-व्यंजनांच्या उच्चारणाला त्याने गायनशिक्षणाच्या पायाशी बसविले. यातील अडचण आज आपण अधिक नेमकेपणाने सांगू शकतो. पुरुषाच्या बोलण्यात इ आणि उ यांचा पहिला अनुनाद साधारणतः ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. बॅरिटोनची वरची पट्टी ३५० हर्ट्झच्या घरात जाते. म्हणजे गायक वर चढला की त्याचा मूळ नादच या अनुनादाच्या पलीकडे जातो. मुखाची ठेवण बोलण्यातल्यासारखीच ठेवावी तर नाद दबतो. ती मोकळी करावी तर 'इ' थोडी 'ए'कडे झुकते. ही तडजोड किती करावी याला नियम नाही, कानच लागतो. येथे भावगीताशी तुलना करण्याचा मोह होतो; परंतु लीडमध्ये पियानो निव्वळ साथीला नसतो, तोही कवितेचा अर्थ सांगत असतो, त्यामुळे गायकाला शब्द सैल सोडून चालत नाही.

जर्मन रंगभूमीच्या उच्चारांचे झीब्झप्रणीत प्रमाणीकरण १८९८ साली झाले. श्टॉकहाउझेनचा ग्रंथ त्याच्या चौदा वर्षे आधीचा. प्रमाणभाषेच्या इतिहासात नाटकशाळेचे नाव घेतले जाते, गायनशाळेचे क्वचितच. ही उणीव मला खटकते.

त्याच्या शिष्यांत योहानेस मेस्शार्ट, कार्ल शायडेमांटेल, हेर्मिने श्पीस ही नावे येतात. शूबर्टच्या गीतांचा संपादक माक्स फ्रीडलेंडर हाही त्याचाच शिष्य. गुरूने गायिलेल्या गीतांची पाठचिकित्सा त्याने केली. अंटोन फान रोय बायरॉइटला गाजला, आणि त्याच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्या ऐकताना शब्दांच्या अखेरच्या व्यंजनांकडे लक्ष द्यावे.

१ जुलै १९०६ रोजी गार्सिया एकशे एक वर्षांचा होऊन लंडन येथे वारला. श्टॉकहाउझेन त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, २२ सप्टेंबरला, फ्रांकफुर्ट येथे गेला. त्याचे चरित्र त्याची कन्या युलिया विर्ट हिने लिहिले. ते १९२७ साली प्रसिद्ध झाले.