मोहेंजोदडोची वीट: मातीत टिकली, उघड्यावर झिजली

१/ इ.स. १९११-१२. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे अधिकारी देवदत्त रामकृष्ण भांडारकर मोहेंजोदडोच्या टेकाडांवर गेले. तेथील विटा पाहून त्यांनी मत नोंदवले की, हे अवशेष जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे असावेत. विटा त्यांना अर्वाचीन वाटल्या. 🧵

२/ ही चूक पुढे गाजली. पण तिच्यात त्या विटांची नकळत झालेली स्तुतीही आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी भाजलेली वीट इतकी नीटस होती की, एक जाणता अभ्यासकही फसला.

३/ १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी तेथे उत्खनन सुरू केले. सप्टेंबर १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची वार्ता जगाला दिली. त्यानंतरच्या हंगामात पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित यांनी तेथे खोदकाम केले. नगराचा एक भाग आजही त्यांच्याच आद्याक्षरांवरून 'डीके' म्हणून ओळखला जातो.

४/ जाडी, रुंदी आणि लांबी यांचे १ : २ : ४ हे प्रमाण पाळणाऱ्या भाजक्या विटा, सांध्यांत मातीचा गारा. महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल. तेथे पाणी झिरपू नये म्हणून जिप्समचा गारा आणि डांबराचा थर वापरलेला होता.

५/ मात्र शोधाबरोबरच ऱ्हासही सुरू झाला. मातीखाली ऊन, वारा आणि ओल-सुकीचे फेरे यांपासून भिंतींना संरक्षण होते. उत्खननाने ते पांघरूण काढले.

६/ आपल्याकडे जुन्या घराच्या भिंतीला 'लोणा लागला' म्हणतात, तोच हा रोग. जमिनीतील खारे पाणी विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. पृष्ठभागाशी पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात. हवा दमट झाली की त्यातील सोडियम सल्फेट पाणी शोषून फुगते, कोरडी झाली की आक्रसते. प्रत्येक फेऱ्यात विटेचा एकेक पापुद्रा सुटतो. अखेर हाती राहते ती भुकटी.

७/ त्यात भर पडली सिंचनाची. १९३२ मध्ये सिंधू नदीवरचा सक्कर बंधारा पूर्ण झाला. कालव्यांमुळे परिसरात भातशेती फुलली आणि भूजलाची पातळी वर आली. शेतकऱ्याला जीवदान देणारे पाणी प्राचीन भिंतींच्या मुळाशी पोहोचले.

८/ मग दुरुस्ती सिमेंटने का करू नये? कारण जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते, तर सिमेंट कठीण आणि कोंदट. सिमेंटने दर्जा भरल्या की ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. ती विटेतूनच वाट काढते. सांधा शाबूत राहतो, वीट झिजते. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षारही सोबत आणते.

९/ जुन्या बांधकामाचा नियम याच्या उलट आहे: सांधा विटेपेक्षा दुबळा हवा. झीज सांध्याने सोसावी. तो पुन्हा भरता येतो. म्हणूनच जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत चुना किंवा माती वापरतात.

१०/ १९७४ मध्ये युनेस्कोने मोहेंजोदडो वाचवण्याची आंतरराष्ट्रीय मोहीम हाती घेतली; ती १९९७ पर्यंत चालली. भूजल उतरवण्यासाठी नलिकाकूप खोदले गेले, नदीकाठ बांधून काढला गेला. १९८० मध्ये हे स्थळ जागतिक वारसा ठरले.

११/ पण रोजचा उपाय अगदी साधा ठरला: गोड्या मातीचा, म्हणजे क्षार नसलेल्या मातीचा लेप. ओल लेपातून बाहेर पडते, क्षार लेपातच साठतात. लेप गळून पडला की नवा चढवायचा. विटेऐवजी मातीने झिजायचे. हे काम कधीच संपत नाही आणि कोणाच्या नजरेतही भरत नाही.

१२/ खरा पेच पुढे आहे. भिंतीचा पाया खचला की कुजलेल्या विटा काढून नव्या घालाव्या लागतात. भिंत उभी राहते. पण जुन्या विटेवरचे ठसे, भाजणीच्या खुणा, मूळ गारा, हा सारा पुरावा निघून जातो. अशा किती विटा बदलल्यावर ती भिंत हडप्पाकालीन म्हणवणार नाही?

१३/ या प्रश्नाने उत्खननाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. १९६४-६५ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी केलेल्या खोदकामानंतर तेथे मोठे उत्खनन झालेले नाही. नगराचा बराचसा भाग अद्याप मातीखाली आहे आणि तेथेच तो सर्वांत सुरक्षित आहे. ऑगस्ट २०२२ च्या अतिवृष्टीत हानी झाली ती उघड्या भिंतींची.

१४/ १९११-१२ मध्ये ती वीट नवी भासली, कारण ती दीर्घकाळ मातीत जपली गेली होती. उजेडात आल्यावर शतकभरातच तिला तिचे वय दिसू लागले. गावातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या विटांवर सिमेंटचा गिलावा चढताना दिसला, तर ही वीट आठवावी. भिंत वाचवायची तर आधी तिला श्वास घेऊ द्यावा लागतो.