कावेरीतील दोन महाशीर

दक्षिण भारतातील हौशी गळकऱ्यांनी ज्याला दीर्घकाळ ‘महाशीर’ या एकाच नावाने ओळखले, तो मासा वस्तुतः एक नव्हता, आणि हा भेद वेळीच न ओळखल्याची किंमत त्यांपैकी एका जातीला मोजावी लागली. महाराष्ट्रात ‘खडशी’ म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या, निळसर परांच्या दख्खनी महाशीराचे शास्त्रीय वर्णन सैन्याधिकारी विल्यम साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून 1839 मध्ये प्रसिद्ध केले. महाडजवळच्या वाळण कोंडीत, म्हणजे नदीपात्रातील खोल डोहात, हाच मासा देवाचा म्हणून आजही राखला जातो. दुसरी जात मात्र केवळ कावेरी आणि तिच्या उपनद्यांतली; डोक्यामागून एकदम उंचावणारा, बैलाच्या वशिंडासारखा दिसणारा पाठीचा उंचवटा आणि नारिंगी झाक असलेली शेपटी ही तिची ठळक लक्षणे होत.

दोन्ही माशांना जाड ओठ, मिशांच्या दोन जोड्या आणि मोठे खवले असतात, आणि घशातील दातांनी ते खेकडे-शिंपलेही भरडून खातात. नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा हे कावेरीकाठचे परंपरागत आमिषही दोघांना सारखेच चालते. आकारात मात्र वशिंडवाल्याची सर दख्खनी माशाला नाही. हेन्री सलिव्हन टॉमस यांच्या 1873 सालच्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथाने महाशीराची कीर्ती इंग्रजी वाचकांपर्यंत नेली, आणि पुढे म्हैसूर परिसरातील नद्यांत विक्रमांची चढाओढ सुरू झाली. 1946 मध्ये डी वेट व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा मासा गळाला लावला, तो वशिंडवालाच होता.

धरणे आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांमुळे महाशीर कमी होत असल्याची चिंता वाढत असताना, 1970च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलविद्युत तलावांकाठी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी दख्खनी महाशीराच्या कृत्रिम प्रजननाचे पायाभूत काम केले. पावसाळ्यात पक्व माद्यांचे पोट हलकेच दाबून अंडी काढली जात आणि नराच्या रेतात मिसळून ती फळवली जात. फळलेली अंडी ओल्या कापसाच्या थरांत मांडून, पाण्याचे ओझे न वाहता, दूरवर विमानानेही पाठवता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. भारतीय मत्स्यसंवर्धनातील ही खरोखर मोठी कामगिरी होय, आणि पुढे जे घडले त्याने तिचे मोल उणावत नाही.

येथील बीज इतर राज्यांत गेले, आणि कावेरीतही दख्खनी महाशीराची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, सोडली गेली. हेतू प्रामाणिक होता, परंतु महाशीर म्हणजे महाशीर ही समजूत त्यामागे होती. परिणाम उघड झाला तो गळकऱ्यांच्याच नोंदवह्यांतून. मासा पकडून, वजन टिपून पुन्हा सोडून देण्याची पद्धत कावेरीच्या शिबिरांत रुळली होती. 1998 ते 2012 या काळातील सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचा मासा बहुसंख्य झालेला आणि मूळ रहिवासी दुर्मीळ होत चाललेला दिसला. बाहेरून आलेल्या जातीचा वाटा या ऱ्हासात असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाळूउपसा आणि अडवलेले प्रवाह हीही कारणे होतीच.

अधिक खेदाची गोष्ट ही की, जगभर ख्याती पावलेल्या या माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. केरळातील पांबार नदीतून 2007 मध्ये वर्णिलेली ‘टॉर रेमादेवी’ हीच ती जात, हे 2018 मध्ये, मोयार नदीतील नमुन्यांच्या आधारे, सिद्ध झाले, आणि नाव ठरल्यावरच आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद होऊ शकली.