नोंद आणि आस्वाद : ब्लॉकचेनवरील कलेचा एक इतिहास

१

यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीच्या अनन्यतेचे वलय लोप पावते, ही वॉल्टर बेंजामिन यांनी १९३५-३६ च्या सुमारास केलेली मांडणी मराठी समीक्षेला सुपरिचित आहे. संगणकीय प्रतिमेच्या बाबतीत ही प्रक्रिया टोकाला पोहोचली. एकाच निगेटिव्हपासून काढलेल्या दोन छायाचित्रांत काही ना काही फरक राहतो. एकाच फाइलीच्या दोन प्रतींत तोही उरत नाही. मग अशा प्रतिमेचा संग्रह करणे म्हणजे नेमके काय करणे?

२०१४ मध्ये केविन मॅकॉय यांनी ‘क्वांटम’ ही आपली चलत्प्रतिमा नेमकॉइन या ब्लॉकचेनवर नोंदवली, तेव्हापासून या प्रश्नाला एक विशिष्ट उत्तर दिले जाऊ लागले. प्रतिमा कोणीही पाहावी. मात्र तिच्या मालकीची नोंद एकाच्याच नावे राहील, ती सर्वांना दिसेल आणि मागाहून खोडता येणार नाही, असे हे उत्तर आहे. ते मालकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे यात शंका नाही. आस्वादाच्या प्रश्नाचे ते उत्तर होऊ शकते काय, याचा विचार मात्र इतिहासाच्या आधारेच करावा लागेल.

२

मालकीची नोंद कलावस्तूपासून अलग करण्याची कल्पना ब्लॉकचेनच्या आधीची आहे. १९५९ ते १९६२ या काळात इव्ह क्लाइन यांनी पॅरिसमध्ये केवळ अमूर्त ‘अवकाश’ सोन्याच्या मोबदल्यात विकले आणि त्याच्या पावत्या दिल्या. ज्याला त्या अवकाशाशी पूर्ण एकरूप व्हावयाचे असेल त्याने पावती जाळावयाची आणि क्लाइन यांनी निम्मे सोने सीन नदीत टाकावयाचे, असा संकेत होता. सॉल लेविट यांनी १९६८ पासून केलेल्या भित्तिचित्रांत संग्राहकाच्या हाती येते ते प्रमाणपत्र आणि आकृती. प्रत्यक्ष चित्र सूचनांनुसार पुन्हा काढता येते. एकाने पावती नष्ट करण्यास सांगितले, दुसऱ्याने ती जपण्यास. ब्लॉकचेनने हा दुसरा मार्ग स्वीकारला.

छायाचित्रकलेचा अनुभव याहून निराळा आहे. टॅलबट यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या कॅलोटाइप पद्धतीपासून एका निगेटिव्हच्या अनेक प्रती शक्य झाल्या. पुढे बाजाराने क्रमांकित, मर्यादित प्रतींची प्रथा निर्माण केली. ही दुर्मिळता कृत्रिम असली तरी प्रतीप्रतीतील भेद खरा होता. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ (१९४१) या छायाचित्राच्या उत्तरकालीन प्रतींत आकाश अधिकाधिक काळे होत गेले. रसिकाला तेथे एकाच रचनेची वेगवेगळी गायने ऐकावयास मिळतात.

टोकनरूपाने विकल्या जाणाऱ्या छायाचित्रात हा भेद नाही. जस्टिन अ‍ॅव्हरसानो यांची ‘ट्विन फ्लेम्स’ ही जुळ्यांच्या १०० व्यक्तिचित्रांची मालिका २०२१ मध्ये टोकनरूपात आली आणि त्याच वर्षी तिच्यातील ८३ व्या क्रमांकाचे चित्र क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ११ लाख डॉलरना गेले. ही छायाचित्रे फिल्मवर घेतलेली होती आणि त्यांचे मोल त्यांच्या विषयात व दृष्टीत होते. नोंदीने त्यांना ग्राहक दिला. त्यांच्या घडणीत तिचा काहीच वाटा नव्हता. छायाचित्राच्या बाबतीत ब्लॉकचेन ही बाह्य व्यवस्थाच राहिली.

३

जनरेटिव्ह कलेत मात्र स्थिती पालटते. या कलेत कलावंत चित्र काढत नाही. चित्रे निर्माण करणारा नियम रचतो आणि त्या नियमात यदृच्छेला जागा ठेवतो. १९६५ मध्ये श्टुटगार्ट येथे माक्स बेन्से यांच्या पुढाकाराने गेओर्ग नेस यांच्या संगणकीय आलेखांचे प्रदर्शन झाले. नेस यांच्या ‘शॉटर’मध्ये १२ स्तंभ आणि २२ ओळींत मांडलेले चौरस वरून खाली येताना क्रमाक्रमाने विस्कटत जातात. १९६८ पासून संगणकावर काम करणाऱ्या वेरा मोल्नार यांनीही सुव्यवस्थेत किंचित बिघाड आणण्याचे प्रयोग दीर्घकाळ केले. या पिढीत यंत्र अनेक चित्रे देई आणि कलावंत त्यांतील मोजकी निवडी. निवड हा कलावंताच्या निर्मितीचाच भाग होता, आणि टाकलेली चित्रे रसिकापर्यंत सहसा पोहोचत नसत.

ब्लॉकचेनने ही निवड काढून घेतली. २०१९ च्या ‘ऑटोग्लिफ्स’मध्ये ५१२ आकृत्या निर्माण करणारा नियम खुद्द ब्लॉकचेनवरच ठेवलेला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या आर्ट ब्लॉक्सने हीच पद्धत रूढ केली. ग्राहक खरेदी करतो त्या क्षणी एक यादृच्छिक संख्या उत्पन्न होते. ती नियमाचे बीज ठरते आणि त्यातून चित्र जन्माला येते. ग्राहकाने ते आधी पाहिलेले नसते, कलावंतानेही नाही. येथे नोंद ही निर्मितीनंतरची घटना नसून निर्मितीचीच घटना आहे. टायलर हॉब्ज यांच्या ‘फिडेन्झा’ची (२०२१) ९९९ चित्रे अशीच अवतरली. त्यांतले एकही टाकून देण्याची सोय नसल्याने नियमच इतका कसदार असावा लागतो की त्याचे प्रत्येक फळ स्वतंत्रपणे उभे राहील आणि तरीही दुसऱ्यासारखे नसेल.

यातून आस्वादाचे एककच बदलते. कलाकृती म्हणजे एक चित्र नव्हे, तर सबंध मालिका असे मानावे लागते. मर्ढेकरांनी लयीच्या संदर्भात सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे येथे एका चौकटीत न शोधता चौकटीचौकटींमधील संबंधांत शोधावी लागतात.

४

बाजाराने नेमके याच्या उलट केले. दिमित्री चेर्न्याक यांच्या ‘रिंगर्स’मध्ये (२०२१) खुंट्यांभोवती दोरा गुंडाळण्याच्या १००० तऱ्हा आहेत. त्यांतील ८७९ व्या तऱ्हेत योगायोगाने हंसासारख्या पक्ष्याचा आकार उमटला. ‘द गूस’ या नावाने प्रसिद्ध झालेले हे चित्र २०२१ मध्ये एका गुंतवणूक संस्थेने घेतले. २०२२ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली आणि जून २०२३ मध्ये सदबीजच्या लिलावात त्याला सुमारे ६२ लाख डॉलर मिळाले. अमूर्त मालिकेतील सर्वाधिक चर्चिलेले चित्र पक्ष्याशी असलेल्या साम्यामुळे मौल्यवान ठरावे, यातील विसंगती उघड आहे. मालिकेचा नियम पक्षी जाणत नाही. संग्राहकाने अपवाद विकत घेतला. रसिकाला तो अपवाद उरलेल्या ९९९ चित्रांच्या पार्श्वभूमीवरच कळू शकतो.

हॉब्ज आणि डँडेलियन विस्ट यांच्या ‘क्यूक्यूएल’ने (२०२२) निवड परत आणली, पण ती संग्राहकाच्या हाती दिली. त्याने नियम हवा तितका चालवून पाहावा आणि पसंत पडेल तेच चित्र नोंदवावे. येथे संग्राहकाला प्रथम रसिक व्हावे लागते. विक्रीच्या व्यवस्थेतूनच आस्वादाची जबाबदारी उत्पन्न झाल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

५

फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्राने आपल्या संग्रहात अशा कृतींचा समावेश केला, तेव्हा किमतींचा २०२१ मधील भर ओसरला होता. संग्रहालयापुढे जतनाचा प्रश्नही होता. पुष्कळ टोकनांत प्रतिमा नसतेच. ती अन्यत्र असते आणि टोकनात तिचा केवळ पत्ता असतो. तो पत्ता नाहीसा झाला तर उरते ती निव्वळ नोंद. याउलट, नियमच जेथे साठवला आहे तेथे कृती पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते, आणि तिची संपूर्ण मालिका एकही टोकन जवळ नसलेल्या अभ्यासकालाही उपलब्ध राहते. नेस आणि मोल्नार यांच्या पिढीतील न निवडलेल्या चित्रांविषयी असे म्हणता येत नाही. समीक्षेच्या दृष्टीने या नोंदवहीचे खरे देणे हेच आहे.

सातबाऱ्याचा उतारा जमीन कोणाच्या नावे आहे हे सांगतो. तिचा कस सांगत नाही. जनरेटिव्ह कलेत मात्र उताऱ्याबरोबर बियाणेही जपले गेले आहे. ते पेरून पाहण्यास मालकी लागत नाही, आणि पीक कसे आले हे ठरविण्याचे काम बाजारावर सोपविण्याचेही कारण नाही.